बागुम्बायनच्या मैदानावर

मनिला शहराच्या समुद्रकाठी लुनेटा नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. स्पॅनिश भाषेत लुनेटा म्हणजे चंद्रकोर. जुन्या तटबंदीबाहेरच्या कोरीच्या आकाराच्या एका बांधकामावरून हे नाव पडले. आज कागदोपत्री त्याला रिझाल उद्यान म्हणतात. त्याआधी या मैदानाचे नाव बागुम्बायन होते. तगालोग भाषेत त्याचा अर्थ होतो नवे गाव. नाव नव्या गावाचे. पण स्पॅनिश अमदानीच्या अखेरच्या काळात या मैदानाचा लौकिक वधभूमी म्हणून होता.

काही वर्षांपूर्वी धर्मगुरूंच्या एका अभ्यासवर्गानिमित्त आमचे मनिलाला जाणे झाले. वसईच्या माणसाला या शहराचे आकर्षण असण्याचे एक घरगुती कारण आहे. आपले संत गोन्सालो गार्सिया पोरवयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, त्या संघात प्रवेश मिळाला नाही म्हणून व्यापारात पडले, आणि अखेर मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. १५९३ साली ते जपानला परतले ते इथूनच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर रक्तसाक्ष द्यावी लागली. तेव्हा मनिलाच्या जुन्या तटबंदी शहरात, इंत्रामुरोसमध्ये, त्यांच्या पाऊलखुणा शोधाव्यात असा आमचा बेत होता. तिथले फ्रान्सिस्कन मंदिर १९४५ च्या युद्धात जमीनदोस्त झाले आहे. पाऊलखुणा मात्र सापडल्या, पण दुसऱ्याच कोणाच्या.

सांतियागो किल्ल्यापासून रस्त्याच्या फरशीत कांस्याचे बुटांचे ठसे बसवलेले आहेत. एकापुढे एक, माणसाच्या चालीच्या अंतराने. ३० डिसेंबर १८९६ च्या पहाटे एका पस्तीस वर्षांच्या डॉक्टराला या वाटेने किल्ल्यातून मैदानाकडे चालवत नेले. त्या चालीचे हे ठसे. आमच्याबरोबर एक फिलिपिनो धर्मगुरू होते. ते त्या ठशांवर पाय न देता कडेने चालत होते. आम्हीही तसेच चालू लागलो.

डॉ. होसे रिझाल यांचे स्मारक लुनेटाच्या समुद्राकडील टोकाला उभे आहे. करड्या ग्रॅनाइटचा उंच स्तंभ, त्यावर तीन तारे, आणि स्तंभाच्या पायथ्याशी कांस्याची मूर्ती: अंगात लांब ओव्हरकोट, हातात ग्रंथ. मूर्तीच्या मागच्या अंगाला बाळाला जवळ घेतलेली आई आहे, वाचनात गढलेली दोन मुले आहेत. तलवार नाही, घोडा नाही. आपल्याकडील चौकांतील अश्वारूढ पुतळ्यांची सवय असलेल्या नजरेला हे स्मारक एखाद्या शाळामास्तरांचे वाटावे. मनिलाच्या घामट उकाड्यात हा ओव्हरकोट कशासाठी, यावर फिलिपिनो लोक स्वतःच विनोद करतात. त्यांच्या एका नामवंत इतिहासकाराने रिझालवरील आपल्या पुस्तकाच्या नावातच तो कोट उतरवून ठेवला आहे. मूर्तिकार रिखार्ड किसलिंग स्वित्झर्लंडचा. आल्टडोर्फ येथील विल्यम टेलचे प्रसिद्ध शिल्प त्याचेच.

चौथऱ्यावरील लेखात रिझाल यांना देशभक्त आणि ‘मार्टिर’ म्हटले आहे. या शब्दापाशी आम्ही थबकलो. आपल्या मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. देशासाठी मरतो तो हुतात्मा, श्रद्धेसाठी मरतो तो रक्तसाक्षी. मुंबईतील हुतात्मा चौकावरून जाताना कोणाच्याही मनात संत स्तेफनाचा विचार येत नाही. स्पॅनिश आणि इंग्रजीत मात्र दोघांना एकच शब्द पुरतो. ज्या माणसाला ख्रिस्तसभेचा वैरी ठरवून तिच्याच काही सेवकांनी सरकारच्या दारात उभे केले, त्याला हा शब्द लावलेला वाचणे ही धर्मगुरूसाठी सहज बाब नव्हे. म्हणून ही कथा मुळापासून सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

होसे रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातील कलाम्बा या गावी झाला. अकरा भावंडांत ते सातवे. वडील कुळ होते आणि जमीन डोमिनिकन संघाची होती. फिलिपाइन्समध्ये त्या काळी संन्यस्त संघांच्या मालकीच्या अफाट जमिनी होत्या. डोमिनिकन, ऑगस्टिनियन, रिकलेक्ट, फ्रान्सिस्कन या संघांचे स्पॅनिश धर्मगुरू गावोगावी धर्मग्रामाचे प्रमुख असत. गावातली शाळा, जनगणना, कर, चारित्र्याचा दाखला, सारे त्यांच्याच नजरेखालून जाई. त्यांपैकी पुष्कळांनी मनोभावे सेवा केली हे नाकारणे अन्यायाचे होईल. चर्चेस बांधली, रस्ते काढले, स्थानिक भाषांची व्याकरणे व कोश रचले. परंतु सत्ता आणि वेदी एकाच हातात आली की काय घडते, त्याचेही ते उदाहरण आहे.

स्थानिक धर्मगुरूंचा प्रश्न यातूनच पेटला. फिलिपिनो धर्मगुरू शिकून तयार होत होते, पण धर्मग्रामांची प्रमुखपदे त्यांना मिळत नव्हती. मिळालेली काढूनही घेतली जात होती. फादर होसे बुर्गोस हे या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलणारे विद्वान धर्मगुरू. जानेवारी १८७२ मध्ये काविते येथील शस्त्रागारात शिपायांचे बंड झाले. सरकारने त्याचा धागा ओढून बुर्गोस, फादर मारियानो गोमेस आणि फादर हासिंतो सामोरा यांच्यापर्यंत नेला. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी बागुम्बायनवर तिघांना खांबाला बांधून, गळ्याभोवती लोखंडी कडे आवळून ठार मारण्यात आले. गोमेस यांनी सत्तरी ओलांडली होती. शिक्षेपूर्वी या तिघांचे धर्मगुरुपद काढून घ्यावे असा हुकूम सरकारने आर्चबिशप ग्रेगोरियो मेलितोन मार्तिनेस यांना केला होता. आर्चबिशप स्वतः स्पॅनिश. तरी त्यांनी नकार दिला. ते तिघे मेले ते धर्मगुरू म्हणूनच.

गोव्याच्या इतिहासाची ओळख असलेल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. १७८७ सालच्या पिंटोंच्या बंडात गोमंतकीय धर्मगुरू सामील झाले होते, आणि त्यांच्या मनातही वरची पदे नाकारली गेल्याचा सल होता. मातेओ द कास्त्रो या दिवाडीच्या सुपुत्राला तर त्याआधी दीडशे वर्षे, १६३७ साली, रोमने बिशप केले, आणि गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना मानण्याचे नाकारले. रोम एक सांगे, वसाहतीचे राज्यकर्ते दुसरेच करीत.

होसेचा थोरला भाऊ पासियानो हा फादर बुर्गोस यांच्या घरी राहणारा विद्यार्थी. तेव्हा ती बातमी कलाम्बाच्या घरात कशी आली असेल याची कल्पना करता येते. त्याच सुमारास आई तेओदोरा यांना खोट्या आरोपावरून सुमारे अडीच वर्षे तुरुंगात काढावी लागली. अकरा वर्षांचा होसे मनिलाच्या आतेनेओ या येशूसंघीयांच्या शाळेत दाखल झाला तो अशा वेळी. तिथे मात्र त्याला गुरू भेटले. तो मरिया सोडॅलिटीचा सभासद होता, कविता करी, आणि चाकूने कोरून त्याने येशूच्या पवित्र हृदयाची एक लहानशी लाकडी मूर्ती घडवली. ही मूर्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पुढे १८८९ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात रिझाल यांनी म्हटले आहे की, १८७२ साल घडले नसते तर आपण आज येशूसंघीय असतो, आणि जे पुस्तक लिहिले त्याच्या नेमके उलट काहीतरी लिहीत बसलो असतो. हे वाचून कोणाही धर्मगुरूला चटका बसेल. देवपाचारण हरवण्याची कारणे आपण तरुणांच्या चंचलतेत शोधतो. इथे कारण तीन वधस्तंभ होते.

१८८२ साली रिझाल स्पेनला गेले, वैद्यकी शिकले, पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सेत प्रवीण झाले. डोळे अधू झालेल्या आईवर पुढे त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली. १८८७ मध्ये बर्लिनहून त्यांची ‘नोली मे तांजेरे’ ही कादंबरी निघाली. छपाईचे पैसे एका मित्राने उसने दिले होते. नाव पुनरुत्थित प्रभूने मग्दालिया मरियेला उच्चारलेल्या शब्दांवरून घेतलेले. (ते संत योहानाच्या शुभवर्तमानातील, रिझाल यांनी एका पत्रात संत लूकचे नाव दिले आहे. शाळेतील फादरांनी ही चूक लाल शाईने खुणावली असती!) कादंबरीतील उर्मट आणि कपटी मठवासी वाचून मनिलात वादळ उठले. सांतो तोमास विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी ती पाखंडी ठरवली. दुसरी कादंबरी, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, १८९१ मध्ये बेल्जियममधील घेंटहून आली. तिची अर्पणपत्रिका त्या तीन धर्मगुरूंच्या नावे आहे.

दरम्यान कलाम्बात खंडावरून कुळांचा आणि डोमिनिकन संघाचा दावा चालला. कुळे हरली, शिपाई आणून त्यांना घरांतून बाहेर काढण्यात आले. त्यांत रिझाल यांचे आईवडीलही होते. १८९२ मध्ये रिझाल मायदेशी परतले आणि काही दिवसांतच मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार झाले. तिथली चार वर्षे आम्हांला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लोभस वाटतात. त्यांनी रुग्ण तपासले, मुलांची शाळा चालवली, गावाला पाणी आणले, आणि येशूसंघीय फादर पाब्लो पास्तेल्स यांच्याशी श्रद्धा व विवेकबुद्धी यांवर लांबलचक पत्रव्यवहार केला. त्या पत्रांत रिझाल देव नाकारीत नाहीत. ख्रिस्तसभेच्या अधिकारापुढे मात्र मान तुकवीत नाहीत. मनाने ते आपल्यापासून दूर गेले होते हे कबूल केले पाहिजे. त्यांना गुपचूप धार्मिक ठरवून टाकणे हाही त्यांच्यावर अन्यायच.

ऑगस्ट १८९६ मध्ये आंद्रेस बोनिफासियो यांच्या कातिपुनान संघटनेने सशस्त्र क्रांती सुरू केली. रिझाल त्या वेळी लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला निघाले होते. क्रांतीची घाई त्यांना मान्य नव्हती. तरी त्यांना बार्सिलोनाहून परत आणून २६ डिसेंबरला लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आणि चार दिवसांनी गोळ्या घालण्यात आल्या. अखेरच्या रात्री त्यांचे जुने गुरू, येशूसंघीय फादर, कोठडीत येऊन बसले. त्यांच्यापैकी एकाने बरोबर ती लहानपणी कोरलेली पवित्र हृदयाची मूर्ती आणली होती. वीस वर्षे शाळेत ती जपून ठेवलेली होती.

त्या रात्री काय घडले यावर फिलिपाइन्समध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. येशूसंघीयांच्या साक्षीप्रमाणे रिझाल यांनी आपली मते मागे घेतली, पापस्वीकार केला, मिस्सा ऐकली, ख्रिस्तशरीर स्वीकारले. मते मागे घेतल्याचा कागद १९३५ मध्ये आर्चबिशपांच्या दप्तरखान्यात सापडला. तो बनावट असल्याचे म्हणणारेही विद्वान आहेत. आमच्या सोबतीच्या फादरांना आम्ही त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, “फादर, मरणाऱ्याच्या उशाशी आपण दोघेही बसलो आहोत. तिथे ऐकलेले आपण कधी कोणाला सिद्ध करून दाखवले आहे काय?” आम्हांला त्यांचे म्हणणे पटले. ज्या कागदाची झेरॉक्स काढून भांडता येते, त्यात पापस्वीकार नसतो. आणि तो कागद खरा मानला तरी ज्यांनी खोटा खटला मानून घेतला त्यांची त्यातून सुटका होत नाही.

सकाळी सातच्या सुमारास रिझाल मैदानावर उभे होते. दोन्ही बाजूंना येशूसंघीय फादर. लष्करी डॉक्टरने नाडी पाहिली, ती स्वाभाविक होती. समोरून गोळ्या घ्यायची त्यांची विनंती फेटाळली गेली, कारण देशद्रोह्याला पाठीत गोळी घालायची असा नेम. गोळीबाराचे काम फिलिपिनो शिपायांना दिले होते आणि त्यांच्या मागे स्पॅनिश शिपाई बंदुका रोखून उभे होते. पडता पडता त्यांनी अंग वळवले आणि ते आकाशाकडे तोंड करून पडले. शव पाको येथील दफनभूमीत खुणेविना पुरण्यात आले. बहीण नार्सिसा हिने शोधत शोधत ती ताजी माती ओळखली, आणि नावाची आद्याक्षरे उलटी लिहिलेला दगड तिथे बसवून घेतला, म्हणजे सरकारला कळू नये, आपल्याला कळावे. पाचच दिवसांनी, ४ जानेवारी १८९७ रोजी, बिकोल प्रांतातून आणलेल्या आणखी काही जणांना याच मैदानावर गोळ्या घातल्या. त्यांत तीन स्थानिक धर्मगुरू होते.

स्मारक कोणी उभारले? लोकांनी, पण परवानगी अमेरिकनांची. १८९८ मध्ये स्पेन गेला आणि अमेरिका आली, फिलिपिनोंचे स्वतःचे प्रजासत्ताक तिने युद्ध करून मोडले. २८ सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकन आयोगाने लुनेटावर रिझाल यांच्या स्मारकासाठी जागा देणारा कायदा संमत केला. योगायोग असा की, त्याच दिवशी सामार बेटावरील बालान्गिगा गावी लोकांनी चर्चच्या घंटेच्या इशाऱ्यावर अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. अमेरिकनांनी त्याचा भयंकर सूड उगवला आणि त्या मंदिराच्या घंटा विजयचिन्हे म्हणून उचलून नेल्या. त्या परत यायला डिसेंबर २०१८ उजाडले. एका हाताने स्मारक, दुसऱ्या हाताने गोळी, असे ते राज्य. ज्याने शस्त्र उचलले नाही असा राष्ट्रपुरुष त्यांना सोयीचा होता, असा आक्षेप रेनातो कोन्स्तांतिनो या इतिहासकाराने १९६९ मध्ये घेतला, आणि तो अगदीच निराधार नाही. बोनिफासियो यांचे भव्य स्मारक १९३३ मध्ये झाले, तेही शहराच्या उत्तरेला, कालोओकान येथे. परंतु अमेरिकनांनी रिझालना मोठे केले हे खरे नव्हे. ३० डिसेंबर हा शोकदिन म्हणून पाळण्याची आज्ञा अध्यक्ष आगिनाल्दो यांनी १८९८ मध्येच दिली होती, आणि दाएत गावच्या लोकांनी त्याच दिवशी पहिले स्मारक बांधायला घेतले होते.

लोकवर्गणीतून सव्वा लाखाहून अधिक पेसो जमले. आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिले बक्षीस कारारा येथील कार्लो निकोली यांना मिळाले आणि काम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या किसलिंगला. पहिल्या क्रमांकाचे असे होणे फक्त आपल्याकडेच घडते असा आमचा समज होता. ३० डिसेंबर १९१२ रोजी रिझाल यांच्या अस्थी मिरवणुकीने आणून चौथऱ्यात ठेवल्या गेल्या. आई तेओदोरा आदल्याच वर्षी वारल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला स्मारकाचे अनावरण झाले. म्हणजे लुनेटावरील हे स्मारक ही समाधीही आहे, आणि म्हणूनच तिथे रात्रंदिवस शिपाई पहारा देतात. प्रत्यक्ष जिथे ते पडले ती जागा तिथून सुमारे शंभर मीटरवर आहे.

या काळात ख्रिस्तसभेने मोठी किंमत मोजली. १९०२ मध्ये फादर ग्रेगोरियो आग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा गट रोमपासून फुटला. त्या स्वतंत्र चर्चने १९०३ मध्ये रिझाल यांना आणि त्या तीन धर्मगुरूंना संतपदी बसवले. पहिला फिलिपिनो बिशप, होर्खे बार्लिन, १९०६ मध्ये अभिषिक्त झाला. तीनशे चाळीस वर्षांच्या ख्रिस्ती जीवनानंतर पहिला! ही गोष्ट १८७२ पूर्वी झाली असती तर, असा विचार मनात येतोच. संघांच्या जमिनी अमेरिकन सरकारने १९०३ मध्ये बहात्तर लाख डॉलर मोजून विकत घेतल्या.

तेवढ्यावर वाद मिटला नाही. १९५६ मध्ये रिझाल यांच्या कादंबऱ्या सर्व शाळा-महाविद्यालयांत शिकवाव्यात असे विधेयक सिनेटर क्लारो रेक्तो यांनी पुढे रेटले, तेव्हा बिशपांनी विरोधाचे पत्रक काढले. येशूसंघीय इतिहासकार फादर ओरासियो डे ला कोस्टा यांनी आधी बिशपांसाठी केलेले मसुदे रिझालकडे कितीतरी सहानुभूतीने पाहणारे होते. प्रसिद्ध झालेले पत्र निराळे निघाले. ही हकीकत फादर जॉन शूमाकर यांनी २०११ मध्ये उजेडात आणली. अखेर विवेकाच्या कारणावरून सूट मागण्याची सोय ठेवून कायदा झाला. शूमाकर यांनी फादर बुर्गोस यांच्यावरही ग्रंथ लिहिला आहे. रिझाल यांना ज्यांनी शिकवले, शेवटच्या वाटेवर सोबत केली, त्यांच्याच संघाच्या माणसांनी पुढे हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिला, याचे आम्हांला विशेष समाधान वाटते.

स्मारकाच्या वाट्याला इतर गंमतीही आल्या. १९६१ मध्ये जन्मशताब्दीच्या उत्साहात ग्रॅनाइटच्या स्तंभावर चकचकीत पोलादी शिखर चढवण्यात आले. लोकांनी इतकी नाके मुरडली की दोन वर्षांत ते उतरवावे लागले. अलीकडे स्मारकाच्या मागे एकोणपन्नास मजली इमारत उठली. रिझालप्रेमी संस्थेने २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. २०१७ मध्ये नऊ विरुद्ध सहा मतांनी दावा फेटाळला गेला. आता समुद्राकडून कोठूनही छायाचित्र घ्या, रिझाल यांच्या डोक्यामागे ती इमारत येतेच.

याच मैदानावर ४ जुलै १९४६ रोजी फिलिपाइन्सच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. याच मैदानावर १८ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लोरेन्सो रुईस यांना धन्य म्हणून घोषित केले. असा विधी रोमबाहेर पहिल्यांदाच होत होता. लोरेन्सो हे मनिलाचे, संसारी गृहस्थ, आणि त्यांनीही रक्तसाक्ष दिली ती नागासाकीतच, १६३७ साली, आपल्या गोन्सालोंनंतर चाळीस वर्षांनी. जानेवारी १९९५ मध्ये जागतिक युवादिनाच्या मिस्सेला इथे लाखोंचा सागर लोटला. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो आणि त्या गर्दीची छायाचित्रे हातोहात फिरवून पाहिल्याचे आठवते. १८ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पिवळा रेनकोट घालून पावसात इथेच मिस्सा अर्पण केली.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा लुनेटावर गेलो. स्मारकापाशी शाळेच्या मुली छायाचित्रे काढीत होत्या. पहारा बदलला. आमचे सोबती फादर आम्हांला तिथून दूर, जिथे त्या तीन धर्मगुरूंचा वध झाला ती जागा दाखवायला घेऊन गेले. लहानशी खूण आहे. शोधल्याशिवाय दिसत नाही. बाकावर एक आजोबा शेंगा सोलत बसले होते. आमचे पांढरे झगे पाहून ते उठून उभे राहिले, टोपी काढली, आणि तगालोगमध्ये काहीतरी बोलले. अर्थ विचारला तेव्हा फादर म्हणाले, “ते विचारताहेत, यांच्यासाठी मिस्सा वाचायला आलात का?” आम्ही आलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान गाठण्यापूर्वी त्या तिघांसाठी मिस्सा अर्पण केली, आणि नावांच्या शेवटी होसे हे नावही घेतले.